माह्यावर कोण वाजवन?

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कूलरसमोर मेजर बसत नाहीत, त्यांचा पाइप बसतो. वर्ध्याचं ऊन माणसाला भाजून काढतं, तिथे बॅगपाइपची ती कातडी पिशवी अन् आतली नाजूक पत्ती काय टिकणार? म्हणून पाइप खाटेवर, ओला पंचा पांघरून, कूलरच्या झोतात. आणि मेजर बनियनवर दारात, वर्तमानपत्राने वारा घेत. त्यांची बायको कमलकाकू डोक्याला ओला दुपट्टा बांधून स्वयंपाकघरात असायच्या. "सवत आणली असती तं परवडलं असतं," त्या मला म्हणायच्या. "तिनं भाजी तं निवडली असती."

मेजर हे मेजर नव्हेत. पलटणीच्या बँडात पाइप वाजवणाऱ्यांचा जो म्होरक्या असतो, त्याला पाइप-मेजर म्हणतात. वर्ध्याने त्यातला पाइप गाळला आणि मेजर ठेवला. झेंडावंदनाला त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळते आणि लोक लढाईबद्दल विचारतात. "म्या फक्त फुंकलं," ते खरं ते सांगतात. लोकांना तो विनय वाटतो.

स्कॉटलंड त्यांनी पाहिलेला नाही, पण बोलतात असे की जणू सासुरवाडीच तिथली. "तिकडं शाळेत शिकवतेत, मास्तर! लगन असो का मयत असो, पाइप पाह्यजेच. म्हाताऱ्याइसंग पोट्टे नाचतेत, अन् नाच जुनेच." हे सगळं ज्ञान मोबाइलवरचं. एकदा मी चिडून म्हणालो, "पण ते त्यांचं आहे, मेजर. आपलं काय?"

मेजरांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "माहा बाप दंडारीत नाचे. दिवाळी झाली का गावोगाव जाये, रातभर नाचे. म्या नाई शिकलो. लाज वाटे मले. त्याची दंडार त्याच्या आंधीच मेली. आता हे दुसऱ्याचं का असंना, जित्तं हाये. एवढं तं धरून ठेवू द्या."

गल्लीत कोणी गेलं की मेजर न बोलावता हजर. पहिल्यांदा मागून पाइप ओरडला तेव्हा खांदेकरी असे दचकले की तिरडी वाकडी झाली. माझे वडील गेले तेव्हा अमरावतीचे काका अंगावर धावून गेले, "मयतीत बँड कोणी सांगितला?" मेजरांनी डोळे मिटले आणि वाजवत राहिले. सकाळपासून मी लाकडं, पाहुणे, मडकं यांतच गुंतलो होतो. त्या सुरांनी मला भर रस्त्यात ढसाढसा रडवलं. मग काकांनीच मला धरून चालवलं.

मागच्या उन्हाळ्यात मेजरांना दम लागू लागला. एक दिवस दारात अडवून त्यांनी मला विचारलं, "माह्यावर कोण वाजवन?"

मूलबाळ नाही. डीजेवाल्यांना विचारलं, ते हसले. मला शिकवू पाहिलं, तर दोन फुंकींतच माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी एका दुपारी मेजर स्वयंपाकघरात जाऊन बसले, कारण कूलरची घरघर तेवढ्या एका खोलीत पोचत नाही, आणि स्वतःच्या मयतीची धून त्यांनी मोबाइलवर भरून मला पाठवली. "मी गेलो का लावजा. आवाज फुल." जिवंत माणसाची ती धून ऐकायची माझी छाती झाली नाही. तशीच ठेवून दिली.

पण दिवाळीआधी काकूच गेल्या. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला.

मोक्षधामात मेजर जुना गणवेश घालून आले, काखेत पाइप. चितेला अग्नी दिला आणि फुंकू लागले. पिशवी फुगायची, रिकामी व्हायची. ओठ नळीवर टिकेनात. एक भसाडा आवाज निघाला आणि तिथेच मेला. लोक माना खाली घालून उभे होते.

"रडतानी वाजत नाई, मास्तर," मेजर म्हणाले. "श्वास तुटते. तो लावा, मोबाइलातला."

"मेजर, तो तुमच्यासाठी..."

"मले काय कराचा आता? तिच्यावर लावा."

मी आवाज पूर्ण केला. धून सुरू झाली, माझ्या वडिलांच्या वेळचीच. आणि मध्येच, सुरांच्या वरताण, फोनमधून काकू ओरडल्या, "अवो, दूध उतू गेलं! गॅस बंद करा पह्यले! जित्तेपणी मयतीचं काऊन वाजवून राह्यले?"

कोणीतरी खुदकन हसलं. काकूंचा भाऊ फोन बंद करायला धावला. मेजरांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. फोनमधला पाइप वाजतच होता. त्या दुपारी त्यांनी तिला उत्तर दिलेलं नव्हतं.

"केला वं," मेजर चितेकडे बघत म्हणाले. "केला बंद."