नानाजींच्या घरचं शून्य

"लिहा शून्य!" नानाजींनी फर्मावलं. "आमच्या घरात बाहेरचा घास कोणी घेत नाही. धरमपेठेत कोणालेही विचारा!"

समोर खुर्चीच्या टोकावर सरकारी पाहणीवाले देवराव बसले होते. मांडीवरचा फॉर्म एवढा मोठा, की अंथरून दोघांनी झोपावं! चौऱ्याहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात सरकारला जाणून घ्यायचं होतं, की लोक घराबाहेरच्या जेवणावर महिन्याला किती पैसे घालवतात.

"माणसागणिक विचारावं लागते, नानाजी," शून्य लिहून घेत देवराव नरमाईनं म्हणाले.

"विचारा की! हा बसला आमचा गोविंदा."

बँकेत कारकून असलेल्या गोविंदानं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग बापाकडे न बघता म्हणाला, "बावीस."

"काय बावीस?"

"जेवणं. खानावळीत. दीड रुपया ताट."

नानाजी ताडकन उठले! "आई रोज डबा देते, अन् तू खानावळीत जेवून राहिला? डबा कुठं जाते मग?"

"चपराशाले देतो. आता तोही नको म्हणते."

"घरच्या अन्नाचा अपमान!"

"अन् तुम्ही, बाबा? रोज फिरायले जाता अन् धोतरावर तर्रीचे डाग घेऊन येता. ते काय झाडावरून पडतात?"

देवरावांनी पेन उघडं धरलं. "तुमचे किती दिवस लिहू, नानाजी?"

"रोज," नानाजी खेकसले. "पोहे अन् वर झणझणीत तर्रीचा रस्सा. कधी दोन प्लेटी. पण करू काय गा? घरच्या भाजीत एक दिवस मीठ नसते, अन् दुसऱ्या दिवशी मिठातच भाजी असते!"

बोलून झाल्यावर त्यांना दिसलं, दारात गोविंदाची आई, रुख्मिणीबाई उभ्या आहेत. हातात पाहुण्यासाठी पोह्यांची बशी.

मागच्या पोळ्यानंतर त्यांची एकोणीस वर्षांची लेक जया काविळीनं गेली होती. तेव्हापासून त्या घरात कोणी मोठ्यानं बोललंच नव्हतं, मिठाबद्दल तर नाहीच. ताट पुढं आलं की बाप-लेक मान खाली घालून चार घास गिळायचे आणि उठायचे.

रुख्मिणीबाईंनी बशी देवरावांपुढे ठेवली. देवरावांनी घास घेतला. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"छान झाले," ते म्हणाले.

"मीठ?"

"अगदी बरोबर."

"तुम्हीही, भाऊ?" रुख्मिणीबाई मटकन खाली बसल्या. "जया गेली तेव्हापासून मले चवच लागत नाही. गोड नाही, तिखट नाही. म्हणून तर रोज विचारते, मीठ बरोबर आहे का? अन् हे दोघं रोज म्हणतात, हो!"

"तुले वाईट वाटलं असतं वं," नानाजी पुटपुटले.

"आता काय मले बरं वाटून राहिलं?"

देवरावांनी शून्य खोडलं, बशी मुकाट्यानं रिकामी केली, दोन लोटे पाणी प्यायले आणि पायात चपला नीट न घालताच निघून गेले.

संध्याकाळी नानाजी फिरायला गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा चुलीपाशी तळहात पसरून उभे राहिले. रुख्मिणीबाईंनी त्यावर पळीभर वरण घातलं.

"खरं सांगा."

"कमी आहे."

त्यांनी मीठ टाकलं.

"अजून कमी."

पुन्हा टाकलं. त्या दिवशी नानाजींनी खरं बोलण्यात कसूर म्हणून केली नाही! चौथ्यांदा कुठं ते म्हणाले, "आता जमलं."

गोविंदानं पहिला घास घेतला आणि थेट मोरीकडे धावला. "बाबा! अहो, हे वरण आहे की खारं लोणचं?"

नऊ महिन्यांच्या तर्रीनं नानाजींची जीभ पार भाजून निघाली होती!

कोणी रागावलं नाही, हसलंही नाही. रुख्मिणीबाईंनी वरणात तांब्याभर पाणी ओतलं. गोविंदानं चाखून मान हलवली. दुसरा तांब्या, मग तिसरा, मग वर मूठभर डाळ शिजवून घातली. चव जमता जमता आठ माणसांना पुरेल एवढं वरण झालं.

जेवायला तिघंच होते.