नेस्टाबाईंच्या हातात फक्त वारा

या, जवळ सरकून बसा. वेल्समधल्या आमच्या गवताळ विमानतळावरची गोष्ट सांगतो. ऐकून तुमचा जीव नक्की हलका होईल.

वर्षातून एकदा पाळक तेगविन आमच्या चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमध्ये, गात प्रवचन सांगत. वेळ तीनची. यंदा त्यांना आणत होता कॅप्टन एमरिस, आपल्या दोन आसनी विमानातून. तीस वर्षं त्याने मोठी विमानं चालवली होती, पण विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यावरून परवानगी मिळाल्याशिवाय चाक कधी टेकवलं नव्हतं. आमच्या आकाशावर कोणाचंच नियंत्रण नाही. आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं, आजूबाजूला बघायचं आणि आपल्या जबाबदारीवर उतरायचं. हे एमरिसला पाठ होतं. पण अंगवळणी पडलं नव्हतं.

"उतरायची परवानगी मिळेल?" त्याने विचारलं.

खाली रेडिओवर आमच्या नेस्टाबाई होत्या; वारा आणि धावपट्टीची माहिती द्यायची, एवढंच त्यांचं काम. "वारा पश्चिमेचा, मंद. धावपट्टी मोकळी. पुढचं तुम्ही ठरवा."

"म्हणजे उतरू?"

"ते मी कशी सांगणार, बाबा? तुम्ही ठरवा."

एमरिसने घिरटी घातली. मागून आलेल्या दोन विमानांनी पाहिलं: एवढा मोठा कॅप्टन थांबलाय, म्हणजे काहीतरी कारण असणार. तीही मागे घिरट्या घालू लागली. तीन वाजून गेले. धावपट्टीशेजारच्या चॅपलमध्ये लोक तेच गीत चौथ्यांदा गात होते, आणि नेस्टाबाईंच्या रेडिओतून ते वर ऐकू येत होतं.

"इंधन किती आहे रे?" पाळकांनी विचारलं.

"वीस मिनिटांचं. पण बाई हो म्हणत नाहीत."

पाळकांनी त्याच्या हातून माइक काढून घेतला आणि सूर लावला. "एमरिसा, देवाने आदामाला बागेत सोडलं, तेव्हा तिथे मनोरा बांधला होता का? डोळे दिले, बुद्धी दिली, आणि म्हणाला, ठरव..." खिशातलं अख्खं प्रवचन ते तिथेच गायले. शेवटच्या ओळीला एमरिसने विमानाचं नाक खाली केलं. मागची दोघंही उतरली.

"नेस्टाबाई, एकदा 'उतरा' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"तो अधिकार माझा नाही, कॅप्टन. माझ्या हातात फक्त वारा."

चॅपलमध्ये पाळकांचा आवाज पार बसला. पण पुढच्या बाकावर, वर्षानुवर्षं चॅपलची पायरी न चढलेले ते दोन वैमानिक येऊन बसले होते. रेडिओवर ऐकलेलं प्रवचन त्यांनीच उभं राहून लोकांना सांगितलं, बेसूर, पण एक शब्द न गाळता.

प्रार्थनेला बसाल तेव्हा आमच्या नेस्टाबाईंची आठवण ठेवा. त्यांनी कोणालाच उतरवलं नाही, आणि सगळे सुखरूप उतरले.