खुर्च्यांशी भांडण

खटावकर सर रिकाम्या खुर्च्यांशी भांडायचे. कॉलेजच्या नियामक मंडळाची बैठक संपून मंडळी जिना उतरली, की सर दार लोटून पुन्हा आत. एकेका खुर्चीसमोर थांबायचं, मुद्दा मांडायचा, मग कान देऊन ऐकायचं. "नाही पटलं, वकीलसाहेब." मी कपबश्या उचलायला गेलो की अंगावर काटा यायचा. सर बोलायचे थांबले की कुठली तरी खुर्ची करकरायची, आणि सर मान हलवायचे.

मी सातवीत शाळा सोडलेला, जतकडून साताऱ्यात आलेला शिपाई. नोकरी सरांनीच लावलेली. म्हणून भ्यालो तरी एवढंच विचारायचो, "चहा आणू का, सर?"

"आण. अध्यक्षांना बिनसाखरेचा."

अध्यक्ष एव्हाना घरी पोचलेले असायचे. मी त्यांचाही कप ठेवायचो. उगाच नोकरीवर गदा नको.

"आत जीभ मोकळी, बाहेर निर्णय सगळ्यांचा," हे सरांचं पालुपद. बैठकीत विरोधाला एकटा त्यांचाच हात वर. पण ठराव झाला की बाहेर त्याच ठरावाची बाजू घेणार.

एका वर्षी कांबळे सरांचं प्रकरण झालं. तरुण माणूस, मंडळावर प्राध्यापकांचे प्रतिनिधी. त्यांनी पोरांच्या सभेत उघड विचारलं, वसतिगृहात बौद्ध पोरांची भांडी वेगळी का? संस्थेची गोष्ट चव्हाट्यावर नेली म्हणून मंडळानं त्यांना कामावरून काढलं. खटावकर सर घसा बसेपर्यंत भांडले, हरले. मग व्हरांड्यात पोरांपुढं उभे राहून म्हणाले, "निर्णय मंडळाचा आहे. म्हणजे माझाही."

"जीभ आतच ठिवून आला काय, सर?" एक पोरगं म्हणालं. सर वळले, दार लोटून पुन्हा आत.

मी चहा घेऊन गेलो तर आत भांडण नव्हतं. सर कांबळे सरांच्या खुर्चीपुढं नुसते उभे.

"बस हितं."

"आवं सर, मी कसा बसू?"

"बस रं. त्याच्या जागी तू बोल. शिव्या दे मला."

मी टेकलो. खुर्ची कोमट होती, कुणी आत्ताच उठून गेल्यागत. ज्यांच्यामुळं माझ्या घरी चूल पेटते, त्यांना शिव्या कशा देणार? तोंड उघडलं, पण आवाज मला माझा वाटला नाही.

"सर, भांडी येगळी हायत का न्हाईत?"

सरांनी टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग माझ्या कानाशी वाकले.

"हायत," ते म्हणाले. खुर्च्यांना ऐकू जाऊ नये, इतक्या हळू.