कमरेइतकी माती

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन यशस्वी झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला आठ महिने होऊन गेले होते. या आठ महिन्यांत बाई एकदाही परसात गेल्या नव्हत्या. गुडघा चालत होता, जिनाही चढत होता, पण उकिडवं बसायला सक्त मनाई होती, आणि उकिडवं बसल्याशिवाय बाग करता येते यावर बाईंचा विश्वास नव्हता. तीस वर्षं त्यांनी हातात खुरपं घेऊन वाफ्याशी बसूनच टोमॅटो, पालक, मुळे काढले होते. आता मागच्या खिडकीचा पडदा ओढून त्या पुढच्या खोलीत बसून राहत आणि मागे गवत माजत होतं.

त्यांचे यजमान म्हणजे गणिताचे मास्तर. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. बागेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण ओढलेला पडदा कळत होता. बायको भांडली असती तर त्यांची तक्रार नव्हती, त्याची सवय होती. पण बाई आताशा भांडतही नव्हत्या. भाजीत मीठ पडलं नाही म्हटलं तर "असेल" म्हणायच्या. डॉक्टर काय म्हणाले विचारलं तरी "काही नाही" म्हणायच्या. मास्तरांना या शांततेची भीती वाटू लागली होती.

मग त्यांनी कुठेतरी वाचलं की हल्ली लोक जमीन खणत नाहीत. फळ्यांची बिनतळाची उंच पेटी करतात, तिच्यात माती भरतात आणि उभ्या उभ्या भाजी लावतात. मास्तरांनी ही बातमी मोठ्या आशेनं बाईंच्या कानावर घातली.

"पेटीत सामान ठेवतात," बाई म्हणाल्या. "भाजी खणलेल्या जमिनीत येते."

"माती तर तीच ना?"

"तुम्हाला तीच."

विषय संपला. म्हणजे बाईंच्या बाजूनं संपला. मास्तरांनी दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं.

पेटी बाईंच्या कमरेइतकी उंच हवी होती, पण बाईंना माप द्यायला उभं करायची हिंमत मास्तरांमध्ये नव्हती. त्यांनी बाई आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकाच्या ओट्याची उंची मोजली. ओट्याशी तरी त्या विनातक्रार उभ्या राहत. पावणेतीन फूट भरली. लांबी आठ आणि रुंदी तीन फूट ठरली. सुतार म्हणाला की एवढ्या उंच पेटीला मधे आडवी पट्टी लागते, नाहीतर माती फळ्यांना बाहेर ढकलते.

"पट्टी हिच्या कोपराला लागेल," मास्तर म्हणाले.

"लागू दे की, मास्तर. सवय होईल."

"नको. आधीच हिला खूप काही लागलंय."

सुतार आडवी पट्टी परत घेऊन गेला. जाताना त्यानं दोनदा वळून पेटीकडे पाहिलं.

आता माती. आठ गुणिले तीन गुणिले पावणेतीन, म्हणजे सहासष्ट घनफूट. हा हिशेब मास्तरांनी तोंडी केला. माती कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता, परसात हवी तेवढी होती. लांबून वाहायला नको म्हणून त्यांनी पेटीच्या शेजारीच खणायला घेतलं, आणि घमेलं घेऊन वर यायला एका टोकाला उतार ठेवला. ज्या माणसानं चौतीस वर्षं आठवीच्या पोरांना हौदाची गणितं घालून रडवलं, त्याला सहासष्ट घनफूट माती काढली की सहासष्ट घनफुटांचा खड्डा उरतो हे पाचव्या दिवशी कळलं.

पाचव्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून डोकावून पाहिलं. त्यांना गल्लीत सगळे 'वाईट बातमी' म्हणत आणि त्यांनीही हे नाव कधी वाया जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी खड्ड्याची लांबी-रुंदी नजरेनं मोजली.

"वहिनी कशा आहेत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बऱ्या आहेत."

"हो, आपल्याला तसं वाटतं," असं म्हणून ते आत गेले.

त्या दुपारी मागच्या खिडकीचा पडदा चार बोटं सरकला. मास्तर घमेलं धरून उभे राहिले. बाईंनी पेटीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं.

"काळी माती तळाला आणि मुरूम वर," त्या म्हणाल्या. "बरं केलंत." पडदा पुन्हा बंद झाला.

मास्तर पेटीच्या काठाला टेकले. वरची माती चांगली असते आणि ती आधी खणली तर पेटीच्या तळाशी जाते, हे त्यांच्या गणितात नव्हतंच. पेटीत काही उगवणार नव्हतं आणि बाईंच्या वाफ्यांमधला एक तर त्यांनी स्वतःच्या हातांनी नाहीसा केला होता. त्यांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चूक निस्तरायला घेतली. मुरूम मऊ होऊन उपसता यावा म्हणून पेटीत पाण्याचा पाइप सोडला, आणि तोवर तळ सारखा करू म्हणून खड्ड्याच्या खोल टोकाला उतरले. मुरूम पाणी पीत राहिला. पेटीचं पोट पुढे आलं, एक खिळा उडून कुंपणावर आपटला, आणि मास्तर वर बघतात तोच खड्ड्याकडची फळी सुटली.

लागलं कुठेच नाही. फक्त मास्तर गुडघ्यांच्या वरपर्यंत चिखलात रोवले गेले, आणि दोन्हींतला एकही पाय निघेना. कुंपणावर वाईट बातमी उगवली. "मला वाटलंच होतं," ते समाधानानं म्हणाले आणि सुताराला आणायला गेले.

"अगं," मास्तरांनी हाक मारली. मग अजून एकदा, जरा मोठ्यानं.

मागचं दार उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा बाई परसात आल्या, काठी टेकत उतारावरून खड्ड्यात उतरल्या आणि उताराच्या पायथ्याशी कोरड्या जागी थांबल्या. "लागलं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर काठीनं थोडा चिखल ढकलून पाहिला. तो ढिम्म हलला नाही.

"माणसं येईपर्यंत हलू नका."

"कुठे हलणार?"

बाई तिथेच उभ्या राहिल्या. शेजारचा जुना वाफा आता त्यांच्या बरोबर कमरेशी आला होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग हात आपोआप पुढे गेला आणि गवताचा एक झुबका मुळासकट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याखाली टोमॅटोचं आपोआप उगवलेलं रोप सापडलं, तेव्हा त्यांनी काठी बाजूला टेकवून ठेवली.

"अहो, खुरपं कुठाय माझं?"

"कोपऱ्यात असेल."

"असेल म्हणजे? चौतीस वर्षं पोरांना शिकवलंत आणि घरातली एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही. आणि हे गवत बघा. आठ महिने तुम्ही नुसते खिडकीत उभे होतात का?"

बाई बोलत राहिल्या. मीठ निघालं, मुरूम निघाला, लग्नानंतर मास्तरांनी वाळवून टाकलेली गुलाबाची कुंडी निघाली. चिखल गार होता आणि मास्तरांचे पाय बधिर होत होते. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

अर्ध्या तासानं सुतार फावडं घेऊन आला, मागून वाईट बातमी. सुतारानं बाह्या सरसावल्या. मास्तरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"जरा वेळानं ये," ते कुजबुजले. "अजून एकच पाय बधिर झालाय."

"कोण आलंय?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "तुझं चालू दे."