कढीपत्ता आणि लॅच

भाड्याच्या घरात भाडेकरूच राजा असतो, असं कळव्याच्या साकेतचं ठाम मत होतं. "करार केलाय आपण! मालकाला आत यायचं असेल तर आधी कळवावं लागेल. हक्क आहे आपला!" हे तो बायकोला, हेमांगीला, दणकून ऐकवायचा. मालक समोर आले की मात्र, "या ना काका, बसा ना!"

मालक म्हणजे समोरच्याच दारातले आनंदकाका. एकटे राहायचे. साकेतच्या बाल्कनीत त्यांच्या कढीपत्त्याची कुंडी होती, कारण काकांच्या बाजूला ऊन यायचं नाही. काकांची कढई गॅसवर चढली की साकेतच्या दाराचं लॅच खडखडलंच! बेल नाही, हाक नाही. किल्ली लावायची आणि आत!

एकदा साकेत लॅपटॉपसमोर बसून मीटिंग करत होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पंचा. मागून काका डोकावले. "चालू दे तुझं, मी दोन काड्या घेतो फक्त!" साकेतच्या बॉसने त्यांना उठून नमस्कार केला. पुढच्या आठवड्यात तर कहरच झाला. दोघं बाहेरून आले तर काका जिन्यात उभे. "पंखा चालू ठेवून गेलेलात, बंद केला. आणि हेमांगी, वरणात मीठ कमी आहे हो."

"वरण चाखलं त्यांनी?" घरात येताच हेमांगी फणकारली. "आता बोल ना! कुठे गेला तुझा हक्क?"

"बोलणार! तोंडावर बोलणार!" साकेत म्हणाला, आणि तडक नाक्यावरच्या रतन किल्लीवाल्याला घेऊन आला. गुपचूप लॅच बदललं. नव्या लॅचची एक किल्ली त्याला, एक हेमांगीला.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कार! काका बेल वाजवून बाहेर उभे राहायला लागले. "कढीपत्ता मिळेल का?" एवढंच विचारायचे. लॅचबद्दल चकार शब्द नाही.

"बघितलंस?" साकेतची छाती फुगली. "मालकाला असं सरळ करायचं असतं!"

शनिवारी हेमांगी ठाण्याला ऑफिसात गेली. साकेत आणि दोन वर्षांची सान्वी घरी. साकेतने कुकर लावला, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. वारा आला. खट्!

किल्ली आत. फोन आत. सान्वी आत. गॅस चालू!

"सानू, बाळा, दार उघड!"

"बाबा, भॉक!" आतून खिदळणं. तिला वाटलं, लपाछपी चाललीय. तसाही तिचा हात लॅचपर्यंत पोचत नव्हताच.

"किचनमध्ये जाऊ नको हं, सानू!"

झालं! इतका वेळ तिच्या डोक्यातही नव्हतं. इवली पावलं धप् धप् करत किचनकडे निघाली. कुकरने शिट्टी मारली. साकेतने दाराला खांदा मारला. दार ढिम्म हललं नाही, खांदा मात्र कळवळला.

जिना झाडणाऱ्या आवडाबाई वर आल्या. "अहो, मग काकांकडची किल्ली घ्या की!"

"ती... लागत नाही. लॅच बदललंय."

"अगोबाई! काकांना विचारून?"

साकेतने मान खाली घातली. आता काका खवळणार, घर खाली करा म्हणणार, हेमांगी आपल्याला सामानाबरोबर बांधून टेम्पोत टाकणार! तेवढ्यात आत काहीतरी धाडकन पडलं. मग कसला मान आणि कसला अपमान! काकांचं दार लोटलेलंच होतं. साकेत थेट त्यांच्या बेडरूममध्ये घुसला.

काका बनियनवर आरशासमोर उभे होते, मिशीला कलप लावत. अर्धी मिशी काळी, अर्धी पांढरी.

"अरे! बेल तरी वाजव!"

"काका, मी तुम्हाला न सांगता लॅच बदललं! वाटेल ते बोला, घर काढून घ्या, पण आधी दार फोडू या! सान्वी आत आहे, गॅस चालू आहे!"

काकांनी भिंतीवरची किल्ली काढली आणि ते धावले.

"अहो ती नाही लागणार, काका!"

खट्! लागली! सान्वी किचनमध्ये फरशीवर बसून होती. भोवती डबे आणि सांडलेले पोहे. साकेतने गॅस बंद केला, तिला छातीशी धरलं आणि तिथेच पोह्यांत बसून ढसाढसा रडला. इतकं हलकं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

जरा वेळाने त्याचं डोकं चालायला लागलं. "काका, ही किल्ली तुमच्याकडे कशी?"

"रतनने त्याच दिवशी आणून दिली. लॅचबरोबर तीन येतात म्हणे. भाडेकरूने लॅच बदललं की एक मालकाला द्यायची, ही त्याची वर्षानुवर्षांची रीत."

"म्हणजे... किल्ली असूनही तुम्ही बेल वाजवायचात?"

"तू लॅच बदललंस म्हणजे माझं येणं तुला नको असणार. वाईट वाटलं रे. सरळ सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पण इतकं काय बिनसलं, ते काही मला कळेना."

साकेतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, काका," तो म्हणाला.

रविवारी सकाळी बेल वाजली. साकेतने डोळे चोळत दार उघडलं. "काय काका! किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण बेल न वाजवता कोणी घरात घुसलं की माणसाचं काय होतं, ते काल मला कळलं." काकांनी मिशीवरचा हात काढला. डावी बाजू काळीकुळकुळीत, उजवी पांढरीशुभ्र! "तुझ्या गडबडीत कलप संपूर्ण वाळला की रे! आता मला कलपाचं नवं पुडकं आणून दे आणि दोन काड्या कढीपत्ता दे. मी आहे इथेच, उंबऱ्याबाहेर."