कासवांची पर्यायी व्यवस्था

शहराच्या कडेला एक तळं होतं आणि त्याच्या काठावर एक गृहसंकुल होणार होतं. तिथे काय काय जगतं हे कोणालाही जाऊन बघता आलं असतं. पण नियमाप्रमाणे ते पर्यावरण सल्लागारालाच दिसावं लागतं. म्हणून सल्लागार कंपनीतल्या बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून चिखलात उतरल्या.

बाई कामाला चोख होत्या. पाण्यात कासवं होती, काठच्या वाळूत त्यांनी अंडी घातली होती. बाईंनी अहवालात लिहिलं, ‘येथे कासवे राहतात.’

कंपनीच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “‘राहतात’ कशाला? ‘आढळली’ लिहा. राहणारा उद्या हक्क सांगतो. आढळणारा काय, कुठेही आढळतो.”

“सर, अंडी घातलीत त्यांनी.”

“मग ‘अंडी आढळली’ लिहा.”

बाई हटल्या नाहीत. साहेबांनी तोंड फुगवून सही केली. बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण नियम बारकाईने वाचल्यावर गंमत कळली. नुसत्या आढळलेल्या प्राण्याला कोणी विचारत नाही. राहणाऱ्या प्राण्याची मात्र ‘पर्यायी व्यवस्था’ करणं बंधनकारक असतं. बाईंच्या प्रामाणिकपणामुळे कासवांना प्रकल्पबाधितांचा दर्जा मिळाला आणि त्यांना तळं सोडावं लागलं.

हमरस्त्यापलीकडच्या बंद पडलेल्या खाणीत पाणी साचलं होतं. कासवांना टेम्पोने तिथे नेण्यात आलं. शेवटचं कासव बिल्डरने स्वहस्ते सोडलं. फोटोत त्याने ते उलटं धरलंय, पण दोघांपैकी हसतंय कोण, हे स्पष्ट कळतं.

कासवं परत निघाली.

ती अजिबात घाईत नव्हती. रस्त्यावरच्या गाड्या मात्र होत्या. काही कासवं चाकांखाली गेली. बाई रोज सकाळी ऑफिसच्या आधी तिथे जायच्या, हात आडवा करून गाड्या थांबवायच्या आणि उरलेल्यांना उचलून रस्ता ओलांडून द्यायच्या. मागून हॉर्न वाजायचे. एकाने काच खाली करून विचारलं, “ओ मॅडम, तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?” बाई म्हणाल्या, “हेच काम आहे.” ते खरं होतं, फक्त कासवं तिकडे पाठवायची की इकडे आणायची, एवढाच प्रश्न होता.

बिल्डरने मग कासवांच्या सुरक्षेसाठी तळ्याभोवती पत्रे ठोकले. कासवं बाहेरून पत्र्याला नाक लावून बसली. कोणीतरी त्याचा फोटो काढला, तो घरोघर फिरला, लोक हळहळले. बिल्डरही हळहळला आणि त्याने त्याच फोटोची जाहिरात केली: ‘इथून जावंसं कुणालाच वाटत नाही!’ बुकिंगला झुंबड उडाली.

झुंबडीत बाईंचा नवराही होता.

“अगं, तळ्यासमोरचा फ्लॅट. सकाळी उठलीस की समोर कासवं.”

“ती पत्र्याबाहेर आहेत.”

“म्हणून तर! आपण आत असलो तर त्यांच्या बाजूने बोलायला कोणी तरी असेल.”

बाई रागाने बघत राहिल्या. पण भाड्याच्या घराच्या भिंतींना ओल धरली होती आणि त्या ओलीने सासूबाई आतल्या खोलीत सारख्या खोकत होत्या. तेवढ्यात पुन्हा खोकल्याची उबळ आली. बाई म्हणाल्या, “बघून तरी येऊ.” बघून आलेला माणूस घेतोच, हे बिल्डरला ठाऊक होतं.

तळं बघायला इतक्या लोकांनी घरं घेतली, की त्यांच्या गाड्यांना जागा पुरेना. तेव्हा तळं बुजवून पार्किंग करण्यात आलं. भरपाई म्हणून प्रवेशद्वारात कासवाचं दगडी कारंजं बसवलं. पूर्वीचं कोणतंही कासव एवढं मोठं नव्हतं, त्यामुळे साहेबांनी ‘वन्यजीवांत लक्षणीय वाढ’ असा शेरा दिला. बाईंनी त्यावर सही करायला नकार दिला. साहेब म्हणाले, “तुमच्या सहीची गरजही नाही. तुम्ही आता रहिवासी आहात, हितसंबंध येतात.”

नव्या घरात सासूबाईंचा खोकला थांबला.

आणि एका सकाळी पार्किंगमध्ये एक कासवी आली. जिथे पूर्वी काठ होता, तिथे, बाईंच्या गाडीशेजारी, ती मागच्या पायांनी पेव्हर ब्लॉक उकरत होती. ब्लॉक हलत नव्हता. तिच्या नखांतून रक्त येत होतं, तरी ती उकरत होती. बाई ऑफिसच्या कपड्यांत तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांना रडू आवरेना. मागून कोणीतरी म्हणालं, “जरा सरकता का? गाडी काढायचीय.”

सोसायटीची तातडीची सभा भरली. सगळ्यांचं प्राण्यांवर फार प्रेम होतं. बोलायला उठणारा प्रत्येक जण सुरुवात त्या प्रेमानेच करत होता. “पण पार्किंगमध्ये?” असा त्याचा शेवट होत होता. सल्लागार कंपनी बोलवून पर्यायी व्यवस्था करावी, असा ठराव पुढे आला.

बाई उठल्या. “माझी गाडीची जागा मी सोडते. ब्लॉक काढून वाळू टाकू. फक्त लागून असलेली आणखी एक जागा हवी, म्हणजे तिला पुरेल.”

“आणि आपली गाडी?” नवरा कुजबुजला.

“रस्त्यावर.”

नवरा छताकडे बघू लागला. बाकीचे मोबाईलकडे. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, “ती शेजारची जागा आहे कोणाची?”

शोध घेतला. त्या जागेचे मालक सभेला आलेच नव्हते. ते वर आपल्या घरी, पंख्याखाली आरामात बसून ही व्यंगकथा वाचत होते, आणि कासवांबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.