बारा नंबरची बरणी

मला कुणी फसवू शकत नाही. ही फुशारकी नाही, माझा धंदाच तसा आहे. मुलांसाठी रहस्यकथा लिहितो मी! सहा पुस्तकं झाली. प्रत्येकात एक चष्मेवाली मुलगी आणि तिचा सदा भुकेला धाकटा भाऊ मिळून मोठ्या माणसांच्या चोऱ्या पकडतात. पुरावा कुठे शोधायचा, ठसे कसे घ्यायचे, खोटं बोलताना माणूस कान कसा खाजवतो, सगळं मला तोंडपाठ आहे.

माझी लिहिण्याची पद्धतही ठरलेली. प्रत्येक पुस्तकाच्या मागे माझ्या फोटोखाली ती छापलेली असते. मी पेन्सिलीने लिहितो. एका प्रकरणाला एक बरणी. ते प्रकरण लिहिताना पेन्सिलीला टोक काढून जेवढी सालं निघतील, ती सगळी त्या बरणीत. बरणीवर प्रकरणाचा नंबर. पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की तिचं थोटूक ड्रॉवरमध्ये.

"अहो, घरात साखर ठेवायला बरणी नाही, आणि तुम्ही कचरा सांभाळताय!" असं बायको म्हणते. घरात कलेची कदर नसतेच, म्हणून मी गप्प बसतो.

तर, सातवं पुस्तक. शाळेची पितळी घंटा चोरीला जाते. अकरा प्रकरणं झकास उतरली होती. गोची एवढीच झाली की अकराव्या प्रकरणाअखेर मी सगळ्या संशयितांना निर्दोष सोडून बसलो होतो. शिपाई तापाने फणफणलेला, गाण्याच्या बाई परगावी, भंगारवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये. घंटा नेली कुणी, हे मलाच कळेना! तीन आठवडे मी बारा नंबरच्या रिकाम्या बरणीकडे बघत बसलो होतो.

शनिवारी सकाळी प्रकाशकांचा फोन आला.

"झालं का?"

"झालं म्हणजे काय, झालंच!"

"मग चारला मी स्वतःच न्यायला येतो. आज हातात पडलं नाही, तर मालिका बंद. दर वेळी तुमचं हेच रडगाणं!"

मालिका बंद म्हणजे मी बंद. मला दुसरं काही येत नाही. आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, पण शेवटचं प्रकरण सकाळपासून सापडत नाहीये! टेबलावरच होतं. चोरीला गेलं असणार!"

फोन ठेवतोय तोच टेबलाखालून आवाज आला, "कुणीही कशाला हात लावायचा नाही!"

ही आमची भिंगरी. वय वर्षं नऊ. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. एका जागी बसते ती फक्त माझी पुस्तकं वाचायला. कच्ची प्रकरणंसुद्धा सगळ्यात आधी तीच वाचते. टेबलाखालून ती बाहेर आली ती वही आणि भिंग घेऊनच.

"बाबा, प्रकरण शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल... संध्याकाळी." मी कान खाजवला.

तिने वहीत काहीतरी टिपलं.

"आज घरात बाहेरचं कोण आलं?"

"कुणी नाही गं. प्लंबरकाका तेवढे..."

बोललो आणि जीभ चावली. प्लंबरकाका अजून स्वयंपाकघरातच होते, सिंकखाली कमरेपर्यंत शिरलेले. भिंगरीने त्यांची हत्यारांची पिशवी दोन्ही हातांनी ओढत माझ्या खोलीत आणली आणि तिच्यावर कागद चिकटवला: 'जप्त'.

पुढच्या अर्ध्या तासात घराचं पोलीस ठाणं झालं. दारादारात टॅल्कम पावडर पसरली गेली. ही माझ्या तिसऱ्या पुस्तकातली युक्ती. मला ती तेव्हा फार आवडली होती. मग बायकोची चौकशी सुरू झाली.

"आई, काल संध्याकाळी सहा ते आठ कुठे होतीस?"

"तुझा डबा घासत होते!"

"साक्षीदार?"

"डबा! अहो, हिला आवरा. नळाला पाणी नाही, मशीनमध्ये कपडे साबणात पडलेत, आणि ही पावडर कोण पुसणार?"

तेवढ्यात प्लंबरकाका हात पुसत आले. "साहेब, माझा पाना दिसत नाही. वॉशर अर्धवट बसलाय."

"चौकशी संपल्यावर मिळेल," भिंगरी म्हणाली. "आधी या कागदावर पाय ठेवा."

त्या भल्या माणसाने ओला पाय कागदावर ठेवलासुद्धा! मग विचारलं, "कसली चौकशी?"

"ह्यांचं काहीतरी लिहिलेलं चोरीला गेलंय म्हणे," बायको म्हणाली.

प्लंबरकाकांचा चेहरा उतरला. "वीस वर्षं लोकांच्या घरात शिरतोय, साहेब. माणसं किल्ल्या माझ्याकडे देऊन गावाला जातात. आजवर एक चमचा इकडचा तिकडे झाला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही सांगा ना. तुम्हाला वाटतं, मी घेतलं?"

मला लाज वाटली. अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "छे, छे! तुमच्यावर कसला संशय!"

"मग कुणावर?" भिंगरीने विचारलं.

मी दुसरा कान खाजवला.

"ठीक आहे," ती वही मिटत म्हणाली. "जेवण झाल्यावर बरण्या तपासू. प्रकरण लिहिलं असेल तर बारा नंबरच्या बरणीत सालं असणारच. तुझ्या पुस्तकामागे छापलंय तसं."

बरणी तर स्वच्छ धुतल्यासारखी रिकामी! मी दोन घास कसेबसे गिळले, डोकं दुखतंय म्हणून खोलीत शिरलो, कडी लावली आणि नव्या कोऱ्या पेन्सिलींचा खोका फोडला.

एकामागून एक अकरा पेन्सिली सोलल्या. शार्पनर तापून चटका बसायला लागला. बाहेरून बायकोने विचारलं, "अहो, आत काय कुरतडताय?" मी म्हणालो, "विचार करतोय." शेवटच्या चार पेन्सिली तर इतक्या सोलल्या की हातात काही उरलंच नाही. बरणी गळ्यापर्यंत भरली. असा अस्सल पुरावा माझ्या सहा पुस्तकांत नव्हता!

बरोबर चारला प्रकाशक आले. पायांना पावडर लावून सोफ्यावर बसले. प्लंबरकाका हत्यारांविना भिंतीशी उभे. बायको दारात. भिंगरीने बाराही बरण्या ओळीने मांडल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. मी हाताची घडी घालून उभा होतो. कान खाजवायचा नाही, एवढंच ठरवलं होतं.

पहिली बरणी झाली. दुसरी झाली. अकरावी झाली. बाराव्या बरणीत तिने हात घातला, चिमूटभर सालं तळहातावर घेतली आणि भिंगाखाली धरली.

"बाबा, यांच्यावर सोनेरी अक्षरं आहेत."

"असणारच. पेन्सिल आहे ती."

"कंपनीचं नाव पेन्सिलीच्या मागच्या टोकाला असतं. तू तिथपर्यंत कधीच लिहीत नाहीस. थोटूक ड्रॉवरमध्ये टाकतोस. म्हणून बाकीच्या अकरा बरण्यांत एकसुद्धा अक्षर नाही." तिने भिंग खाली ठेवलं. "या पेन्सिलींनी कुणी काही लिहिलेलंच नाही. फक्त सोलल्यात. प्रकरण चोरीला गेलं नाही. ते नव्हतंच."



मला वाटलं, आता ही टाळ्या पिटेल, उड्या मारेल. माझ्या पुस्तकातली मुलं तेच करतात. पण तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "मी काकांच्या पायाचा ठसा उगाचच घेतला," ती म्हणाली आणि धावत जाऊन ती जड पिशवी ओढत घेऊन आली. "काका, सॉरी."

"असू दे गं," प्लंबरकाका म्हणाले. "ठसा छान उठलाय. घरी न्यायला देशील?"

मग मीही माफी मागितली. सगळ्यांसमोर, खालमानेने, कान न खाजवता. प्लंबरकाका "बरं" म्हणाले आणि पाना घेऊन सिंकखाली गेले. मला ते "बरं" अजून टोचतं.

प्रकाशकांनी बारावी बरणी बाजूला सरकवली. म्हणाले, "ते सगळं ठीक. पण मग घंटा नेली कुणी?"

मी छताकडे पाहिलं.

"त्यात काय!" नाक पुसत भिंगरी म्हणाली. "चोरी झाली म्हणून आधी ओरडलं कोण?"

"मुख्याध्यापक."

"ते कुठे होते, असं चष्मेवालीने त्यांना विचारलं?"

"नाही. ते तर तक्रार करणारे..."

"तक्रार तूही केली होतीस," ती म्हणाली.

प्रकाशक उठले. "सोमवारी सकाळी द्या. आणि रविवारभर हिला तुमच्यासमोर बसवा."

तसंच झालं. बारावं प्रकरण एका बैठकीत झालं. घंटा मुख्याध्यापकांच्या हातून पडून तडकली होती, आणि लाजेकाजेस्तव त्यांनी चोरीची आवई उठवली होती. पुस्तक धडाधड खपलं. मुलांची पत्रं येतात: 'शेवट एकदम भारी, आधीची अकरा प्रकरणं जरा लांबली.' प्लंबरकाकांनीही एक प्रत घेतली. सही मागितली ती भिंगरीची.

आता आठवं पुस्तक चालू आहे. मालिका टिकलीय, मी सुधारलोय. खोटं बोलत नाही. फक्त तिसरं प्रकरण थोडं अडलंय, आणि भिंगरी दर शनिवारी बरण्या तपासते, म्हणून परवा तीन नंबरची बरणी जराशी भरून घेतली. या वेळी मात्र डोकं वापरलं! पेन्सिली अर्ध्यापर्यंतच सोलल्या. एक सोनेरी अक्षर सापडेल तर शपथ! मला कुणी फसवू शकत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

आज सकाळी त्या बरणीवर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली:

'सहा अर्ध्या पेन्सिली कचऱ्याच्या डब्यात सापडल्या. चहाआधी येऊन भेटणे.'